ताप नाही म्हणून

धसईच्या बाजारातून पायी निघालं की अर्ध्या तासात ती वस्ती लागते. तिथं बारकू रोकडे कुठं राहतात असं विचारलं तर माणसं क्षणभर विचारात पडतात. मलेरियावाले दादा म्हटलं की मात्र कुणीही हात लांब करून घर दाखवतं.

दादांनी हिवताप खात्यात एकतीस वर्षं काढली. निम्मी शहापूर तालुक्यात, निम्मी मुरबाडात. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात काचपट्ट्या, सुया, कापूस आणि गोळ्यांचा डबा. दर पंधरा दिवसांनी एकेक दार गाठायचं आणि विचारायचं, "ताप हाय का कुणाला घरात?" असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि पुढचं दार धरायचं. लावणीच्या दिवसांत घरं बंद असत, मग बांधावर उभं राहून खाचरातल्या माणसांना हाक मारून विचारायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताला अशी सवय जडली होती की उलटा पंजा कपाळाला लावला की ताप किती, ते सांगत. आरोग्य केंद्रातले डॉक्टर गंमत म्हणून वर थर्मामीटर लावून बघायचे. फरक पडलाच तर नखाएवढा.

नोकरी संपली, पुढं काही वर्षांनी बायको रंभा गेली आणि घर रिकामं झालं. एकुलती मुलगी संघरत्ना शहापूरकडच्या शाळेत शिक्षिका, तिचा संसार आटगावला. तेव्हा दादांची थोरली बहीण येसूबाई पुढं आली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन जमाना झाला होता, दिरांच्या घरात एका खोलीत दिवस काढत होती. रंभाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आली ती कपड्यांची पिशवी घेऊनच. "तुला जेवायला कोण घालील रे?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात शिरली. ती मग सहा वर्षं तिथंच राहिली.

दोघांत बोलणं फार नसे. सकाळी येसूअक्का पायरीवर बसून सावकाश मशेरी लावायची, दादा अंगणात फेऱ्या मारायचे. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. संध्याकाळी टीव्ही लावून दोघं बसायची आणि थोड्या वेळानं दोघंही पेंगायची. पण घरात दुसऱ्या माणसाचा वावर असतो, भांडं आपटतं, कुणीतरी खोकतं, कुणीतरी उगाच कुणावर तरी वैतागतं. तेवढ्यावर दादांचं चाललं होतं.

गेल्या भादव्यात एका सकाळी येसूअक्का पायरीवर येऊन बसली, पण मशेरीची डबी तिनं उघडलीच नाही. हातात धरून नुसती बसून राहिली. दादांनी दोन फेऱ्या मारल्यावर विचारलं, "अक्का, काय झालं गो?"

"काय नाय. जीव नाय वाटत."

दादांनी सवयीनं उलटा पंजा तिच्या कपाळाला लावला. कपाळ गार होतं. तरी आत जाऊन थर्मामीटर आणला. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.

"ताप नाय," दादा म्हणाले. "निज जरा. मी पेज टाकतो."

ती निजली. दुपारी चार घास पेज खाल्ली, पुन्हा निजली. दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. दादा चहा घेऊन गेले तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आबा, बैल सोडलं का?"

आबा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. दादा हसले. म्हातारपणी व्हायचंच असं, त्यांनी मनाशी म्हटलं. पुन्हा हात लावला, पुन्हा थर्मामीटर लावला. आकडा तोच. संध्याकाळी संघरत्नाचा फोन आला. आत्याचं ऐकून ती म्हणाली, "बाबा, उद्या रजा टाकून येऊ का?"

"कशाला उगाच? ताप नाय, खोकला नाय. वय झालंय तिचं."

तिसऱ्या दिवशी सकाळी येसूअक्का मोरीकडं जाताना कोसळली. तिचा श्वास भराभरा चालला होता आणि ओठ जांभळट दिसत होते. शेजारची चंदा धावत आली, तिनं वस्तीतल्या सुरजची जीप बोलावली. मुरबाडला बाजारपेठेमागं एक खाजगी दवाखाना आहे, तिथं नेलं. डॉक्टर मनस्वी म्हणून तिशीतली बाई होती. तिनं छातीचा फोटो काढला, तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"आजोबा, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आहे. किती दिवस झाले?"

"तीन."

"आणि ताप?"

"नाय. मी स्वतः बघत होतो. मी मलेरियात होतो एकतीस वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाली, "या वयात पुष्कळदा येतच नाही ताप."

येसूअक्का चौथ्या दिवशी सकाळी गेली. दादा दवाखान्याबाहेर बाकावर बसून चहा पीत होते, तेवढ्यात.

पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. संघरत्ना आठ दिवस राहिली, निघताना म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे. इथं एकटे काय करणार?" दादांनी नकारार्थी मान हलवली. नको म्हणायला कारण सापडत नव्हतं, पण घरातून हलवतही नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी दार लावलं. मागच्या दारापाशी येसूअक्काच्या चपला होत्या, एकीचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. त्या उचलाव्यात की तिथंच ठेवाव्यात हे त्यांना ठरवता येईना. चपला तिथंच राहिल्या.

"वय झालंय तिचं" हे आपलंच वाक्य त्यांच्या कानात राहिलं होतं. भांडी घासताना आठवायचं, भात वाढून घेताना आठवायचं. हजारो घरांत त्यांनी विचारलं होतं, कुणाला ताप हाय का. नाही म्हटलं की पिशवी उचलून पुढं जायचं. नोकरीच तशी होती. पण स्वतःच्या घरातही ते तसेच पुढं गेले होते.

दिवाळी उरकल्यावर एक दिवस त्यांनी एसटी पकडली आणि मुरबाडला त्या दवाखान्यात जाऊन बसले. नंबर आल्यावर आत गेले. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं.

"काय होतंय आजोबा?"

"मला काय नाय होत. एक विचारायचं होतं. बाहेर गर्दी नसेल तर."

बाहेर तीन माणसं होती. तिनं समोरची खुर्ची दाखवली.

"ताप का नाय आला तिला? रोग तर छाती भरून होता."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, ताप रोग आणत नाही. ताप आपलं शरीर आणतं. जंतू शिरला की शरीराचे रखवालदार त्याला ओळखतात, मेंदूला कळवतात, मग मेंदू शरीर तापवतो. जंतूला ती उष्णता सोसत नाही, आणि रखवालदारांना जोर चढतो."

"मग?"

"म्हातारपणी ते रखवालदारच थकतात. इथं, छातीच्या हाडामागं, एक ग्रंथी असते. लहानपणी चांगली मोठी असते. रखवालदारांची एक मोठी फौज तिथंच शिकून तयार होते. वय वाढतं तशी ती सुकत जाते, नवे फारसे तयार होत नाहीत. उरतात ते जुने. त्यांना पूर्वी पाहिलेला शत्रू ओळखता येतो, नवा आला की गडबडतात. आणि मेंदूला जी वर्दी द्यायची, ती इतकी बारीक जाते की शरीर तापतच नाही. माणूस जेवत नाही, बरळतो, पडतो. तेवढीच खूण."

दादा ऐकत होते. इतकी वर्षं ते तापाच्या मागं लागले होते. तो उतरवण्याच्या गोळ्या वाटल्या होत्या. ताप हा माणसाचा स्वतःचा असतो हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कानावरून गेलं असेल कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये, पण लक्षात राहिलं नव्हतं.

"तुम्ही मोजला तेव्हा आकडा किती होता?" तिनं विचारलं.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन."

"आणि त्या बऱ्या असताना रोजचा किती असायचा?"

दादांनी तिच्याकडं पाहिलं. तो त्यांनी कधी मोजलाच नव्हता.

"म्हाताऱ्या माणसांचं अंग मुळात गार असतं. कुणाचं शहाण्णव, कुणाचं त्याच्याही खाली. शहाण्णववाल्याचं अठ्ठ्याण्णव झालं की तो त्याचा ताप समजायचा. त्यांचं रोजचं माहीत असतं तर..."

"सहा वर्षं एका घरात होतो आमी," दादा म्हणाले. "बरी असताना मोजायचं कशाला, असं वाटलं." मग विचारलं, "त्या दिवशीच आणली असती, तर वाचली असती का?"

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. "सांगता येत नाही, आजोबा. वाचल्याही असत्या कदाचित."

दादांनी हात जोडले, जयभीम केला आणि उठले. एसटीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की अक्का गेल्यापासून कुणाशी एवढं बोलणं आजच झालं. आणि बरं वाटावं असं त्यात काहीच नसताना ते आपल्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठलं की तोंडही न धुता ते थर्मामीटर जिभेखाली धरू लागले. पंच्याण्णव पॉइंट नऊ. शहाण्णव पॉइंट एक. शहाण्णव. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहीत. महिन्याभरात त्यांना समजलं, आपलं रोजचं शहाण्णव. एवढं थंड अंग घेऊन आपण वावरतो आहोत, याचं त्यांना नवल वाटलं. मग त्यांच्या मनात आलं, मी जर अक्कासारखा बरळायला लागलो तर हे कोण सांगेल? घरात सांगायला आहे कोण?

म्हणून त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. जुन्या सरकारी अक्षरात, रेघ मारून. "मी बारकू रोकडे, वय ७७. माझे रोजचे तापमान ९६. माझे ९८ झाले असेल तर तो ताप समजावा. मला न्यूमोनिया असू शकतो." खाली संघरत्नाचा नंबर. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. सदरा बदलला की चिठ्ठी दुसऱ्या सदऱ्यात जायची. चंदानं एकदा विचारलं, "दादा, खिशात काय हो जपता?" दादा म्हणाले, "पास हाय माझा." ती हसली. दादांनीही हसून घेतलं.

जानेवारीत थंडी पडली. एका सकाळी दादांनी चहाचं आधण ठेवलं आणि साखरेऐवजी मीठ घातलं. फेकून पुन्हा ठेवलं, पुन्हा मीठच घातलं. ते तसेच ओट्याला धरून उभे राहिले. पाय जड झाले होते. खोकला नव्हता, अंग दुखत नव्हतं, फक्त सगळं लांब लांब वाटत होतं, कुणीतरी घर दूर नेऊन ठेवल्यासारखं. थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट तीन. कॅलेंडरवर लिहायला गेले तर आजची तारीख सापडेना.

त्यांनी संघरत्नाला फोन लावला. तिचा फोन बंद होता, शाळेत परीक्षा चालली होती. पुन्हा लावला. मग भिंत धरत धरत चंदाच्या दाराशी गेले.

"चंदा, मला ताप आलाय. मुरबाडला जायला पायजे."

चंदानं ओला हात पदराला पुसला आणि त्यांच्या कपाळाला लावला. "कुठं हो दादा? गार तर हायसा. थंडीनं झालं असेल. बसा, चहा देते."

दादांना वाटलं, ती माझंच बोलते आहे. शब्द न् शब्द. चार महिन्यांपूर्वी अक्काला ज्या मायेनं आपण निजवलं, त्याच मायेनं ही आपल्याला निजवील. त्यांना रागही आला नाही. त्यांनी खिशातली पिशवी काढून तिच्या हातात दिली.

"हे वाच. आणि सुरजला बोलाव. मी नको म्हटलं तरी बोलाव."

चंदा सातवीपर्यंत शिकलेली. तिनं ओठ हलवत चिठ्ठी वाचली, एकदा दादांकडं पाहिलं, आणि ओरडत रस्त्याकडं धावली.

जीपमधलं दादांना पुढं फारसं आठवत नव्हतं. सुरजनं नंतर सांगितलं ते एवढंच, की वाटेत दादा प्रत्येक वस्तीशी "थांब, थांब, हे घर ऱ्हायलं" म्हणत होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात धरला तेव्हा तिला अक्का म्हणाले, आणि तू मशेरी का नाय लावलीस म्हणून विचारलं. हे ऐकून दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चिठ्ठी चंदानं त्यांच्या सदऱ्याला पिनेनं टाचली होती. डॉक्टरीणबाईंनी ती वाचली, बोटाला मशीन लावलं, प्राणवायू कमी निघाला. तासाभरात सलाइन चालू झालं होतं. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनियाची सुरुवात होती.

दुपारी उशिरा संघरत्ना आली. शाळेतूनच निघालेली, हाताला अजून खडू. कॉटशेजारी बसून तिनं ती चिठ्ठी कितीदा तरी वाचली.

"बाबा, हे मला का नाही सांगितलं?"

दादांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. तो नसता तरी काय सांगितलं असतं? की तू विचारलं होतंस येऊ का, आणि मी नको म्हणालो होतो, ते सांगायचं राहून गेलंय? तिला ते माहीतच होतं. तिनं तो विषय कधी काढला नव्हता, आणि ती काढत नाही हेच त्यांना जास्त लागत होतं.

नऊ दिवसांनी सुटका झाली. या वेळी संघरत्नानं विचारलं नाही, सरळ आटगावला नेलं. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ, खिडकीतून रुळांपलीकडचा डोंगर दिसायचा. सकाळी साडेसहाला जावई निघे, सातला ती. दादांसाठी डबा झाकून ठेवलेला असे. दिवसभर ते खिडकीशी बसत. संध्याकाळी सगळी दमून येत, तिची मुलगी क्लासवरून येई, चार शब्द विचारून आपापल्या कोपऱ्यात जाई. त्यात कुणाचाच दोष नव्हता. दादांना कळत होतं की ही माणसं आपल्यासाठी झटताहेत. पण स्वतःच्या घरात एकटं असणं निराळं, आणि दुसऱ्याच्या घरात कुणी येण्याची वाट बघत एकटं असणं निराळं. महिना झाल्यावर ते म्हणाले, "मला सोड आता."

संघरत्ना रडली नाही. "रोज सकाळी मी फोन करणार," ती म्हणाली. "आकडा सांगायचा. आणि फोन उचलला नाहीत तर मी चंदाला पाठवणार."

गावी परतताना वाटेत मुरबाडला ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "न्यूमोनियाची लस देऊन टाकू. तरुणाला जेवढी लागू पडते तेवढी तुम्हाला पडणार नाही, हे आधीच सांगते. तुमचे रखवालदार हळू शिकतात. पण शिकतात. काहीच नसण्यापेक्षा बरं."

"द्या," दादांनी बाही वर केली. आयुष्यभर दुसऱ्यांना सुया टोचल्या होत्या. स्वतःला टोचून घेताना त्यांनी तोंड फिरवलं.

संघरत्ना घरापर्यंत आली, केर काढला, डाळ-तांदूळ भरले. मागच्या दारापाशी तिनं आत्याच्या चपला पाहिल्या, काही न बोलता बाजूला सरकवल्या, खालची जागा झाडली आणि पुन्हा होत्या तशा ठेवल्या. संध्याकाळच्या एसटीनं ती गेली.

सकाळी दादांना जाग आली ती दंड ठणकत होता म्हणून. सदरा काढून त्यांनी पाहिलं. सुई टोचलेल्या जागी रुपयाएवढं लाल झालं होतं, थोडं सुजलं होतं. त्यांनी दुसऱ्या हाताचा उलटा पंजा त्याच्यावर ठेवला. गरम होतं. कपाळ गार, गळा गार, छाती गार, आणि तेवढीच जागा चांगली गरम. आत काहीतरी जागं झालं होतं, सावकाश का होईना कामाला लागलं होतं.

फोन वाजला. संघरत्ना वर्गाबाहेर उभी असावी, मागं प्रार्थना ऐकू येत होती.

"बाबा, आकडा?"

"शहाण्णव पॉइंट दोन. पण संघा, दंड सुजलाय गो. लाल झालाय, गरम लागतोय."

"दुखतोय का? गोळी घ्या ना, डॉक्टरांनी दिलीय ती."

"नको. दुखू दे."

"असं काय करता, बाबा?" ती घाईत होती. "बरं, मी रात्री बोलते. जेवा वेळेवर."

फोन बंद झाला. दादांना तिला अजून सांगायचं होतं. हात लावून बघ म्हणायचं होतं कुणाला तरी. ते उघड्या अंगानं दारात आले. चंदा कामावर गेली होती, तिच्या दाराला कडी होती. रस्त्यावरून कुणी येत-जात नव्हतं. उन्हं नुकतीच अंगणात उतरत होती. दादा पायरीवर बसले, उजवा हात डाव्या दंडावर झाकून धरला आणि ती ऊब कमी होईपर्यंत तसेच बसून राहिले.